रंगसाधक राजा रविवर्मा

नांदेड जिल्ह्यातील मुखेड येथे दशरथेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. जुन्या कारागिरांनी तेथे दगडातून मूर्ती घडविल्या; परंतु देव काय, देवांगना काय किंवा वेलबुट्टी काय, सर्वांचा रंग एकच, पाषाणाचा. आता मुखेडच्या किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही गावच्या एखाद्या जुन्या घरातील देवघराकडे पाहा. तेथे भिंतीवरच्या चौकटीत तांबडे वस्त्र नेसलेली लक्ष्मी कमळावर उभी असते. शेजारी शुभ्रवसना सरस्वती वीणा घेऊन बसलेली दिसते. लक्ष्मी तांबड्या वस्त्रात आणि सरस्वती पांढऱ्या वस्त्रात असावी, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्या साक्षात अशाच दिसतात अशी आपली समजूत होते. ग्रंथांतून देवतांची वर्णने पूर्वीपासून होती हे खरे. परंतु ते रूप रंगांत उतरवून घरोघरी पोहोचविण्याचे कार्य एका चित्रकाराने केले. त्याला अजून दीडशे वर्षेही झाली नाहीत. त्या चित्रकाराचे नाव राजा रविवर्मा.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर या गावी झाला. हा भाग आज केरळ राज्यात आहे. घराणे सरदारांचे होते आणि घरात विद्येची व कलेची आवड होती. आई उमाअंबा कवयित्री होत्या, वडील संस्कृतचे जाणकार होते, आणि मामा राजराज वर्मा स्वतः चित्रे काढीत. लहानपणी रवी कोळशाने घराच्या भिंतींवर हत्ती, घोडे, माणसे काढी. भिंती काळ्या झाल्या म्हणून नोकरमाणसे रागावत. मामांनी मात्र त्या रेषांतील जोम ओळखला आणि भाच्याला शिकविण्यास आरंभ केला.

त्या काळी रंगांच्या बाटल्या दुकानात मिळत नसत. चित्रकार आपले रंग आपणच तयार करी. गेरूपासून तांबडा, पिवळ्या मातीपासून पिवळा, पानाफुलांच्या रसापासून हिरवा व निळा, काजळीपासून काळा. केरळातील देवळांच्या भिंतींवरील जुनी चित्रे मोजक्या पाचच रंगांनी रंगविलेली आहेत. माती खलून, वस्त्रगाळ करून, तीत योग्य तेवढाच डिंक घालून रंग सिद्ध करणे, हे त्या मुलाचे पहिले शिक्षण होते. पुढे ज्याने देशाला रंग दिले, त्याची बोटे आधी अशी खलबत्त्यात मळलेली होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

रवी चौदा वर्षांचा झाल्यावर, १८६२ मध्ये, मामांनी त्याला तिरुवनंतपुरम येथे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. महाराज स्वतः रसिक होते. त्यांनी मुलाची राहण्याची सोय केली आणि राजवाड्यातील चित्रसंग्रह त्याला मोकळा करून दिला. तेथे त्याने प्रथमच युरोपीय पद्धतीची तैलचित्रे पाहिली. चित्रातले रेशीम रेशमासारखे चमकत होते आणि गालावरचा प्रकाश सावलीत केव्हा मिसळला ते कळत नव्हते. मातीच्या रंगांनी हे साधत नव्हते, कारण ते लावता लावता वाळत. तैलरंगाची गोष्ट निराळी. तो जवसाच्या तेलात खललेला असतो. हे जवस आपल्या मराठवाड्यातही पिकते. जवसाचे तेल हळूहळू वाळते, त्यामुळे लावलेला रंग बराच काळ ओला राहतो आणि एक छटा दुसरीत अलगद मिसळविता येते.

पण ही विद्या शिकवावी कोणी? दरबारात रामस्वामी नायकर नावाचे चित्रकार होते व त्यांना तैलरंग अवगत होते. त्यांनी रवीला शिकविण्यास नकार दिला. उद्या हा मुलगा आपल्या पुढे जाईल, असे त्यांना वाटले असावे. त्यांचे शिष्य आरुमुगम पिल्ले रात्री गुपचूप येऊन जे थोडेबहुत ठाऊक होते ते सांगत. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार महाराजांचे चित्र काढण्यासाठी आला. त्यानेही शिकविण्याचे नाकारले. महाराजांच्या शब्दाखातर फक्त एवढी परवानगी दिली की, आपण काम करीत असता रविवर्म्यांनी जवळ उभे राहून पाहावे. रविवर्मा पाहत राहिले. कुंचला कोणत्या रंगात बुडतो, त्यात काय मिसळले जाते, आधी काय लावतात आणि मागून काय, हे त्यांनी डोळ्यांनी टिपले आणि आपल्या खोलीत येऊन शेकडो वेळा करून पाहिले. कोणत्याही कलाशाळेत ते कधी गेले नाहीत.

अशा रीतीने त्यांनी जे आत्मसात केले, ते रंगशास्त्राचे मूळ धडे होते. आपणही ते घरी करून पाहू शकतो. पिवळा, तांबडा आणि निळा हे तीन रंग चित्रकार मूळ रंग मानतात. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, तांबड्यात पिवळा मिसळला की नारिंगी, आणि निळ्यात तांबडा मिसळला की जांभळा. हे सहा रंग एका वर्तुळात क्रमाने मांडले, तर समोरासमोर येणाऱ्या जोड्या मोठ्या चमत्कारिक असतात. तांबड्यासमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. ह्या जोडीतील रंग शेजारी ठेवले की दोघेही उठून दिसतात. आणि तेच एकमेकांत कालविले की दोघांचेही तेज जाऊन मळकट करडा रंग उरतो. हिरव्या शेतात तांबडे पागोटे दुरूनही नजरेत भरते, ते याचमुळे. शिवाय तांबडा, नारिंगी, पिवळा हे रंग पुढे आल्यासारखे भासतात. निळा व निळसर हिरवा मागे सरकल्यासारखे वाटतात. लांबचे डोंगर चित्रात निळसर काढतात त्यामागे हाच अनुभव आहे.

रंगाचे रूप शेजारावर अवलंबून असते, हे फ्रान्समधील एका रसायनशास्त्रज्ञाने रविवर्म्यांच्या जन्मापूर्वीच सिद्ध केले होते. त्यांचे नाव शेव्हरल. पॅरिसमधील गोबेलँ या प्रसिद्ध विणकामाच्या कारखान्यात रंगाई त्यांच्या देखरेखीखाली चाले. काळा रंग नीट चढत नाही अशी तक्रार आली. शेव्हरल यांनी तपास केला, तेव्हा रंगात दोष आढळला नाही. काळ्या धाग्याच्या शेजारी निळे धागे विणले गेल्यामुळे तो काळा फिका भासत होता. या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८३९ मध्ये निघाला. रविवर्म्यांनी हे सारे कुंचल्यातून ओळखले. सोनेरी काठ झळकविण्यासाठी ते त्याच्याभोवती गडद सावली ठेवीत; कांतीचा उजाळा दाखविण्यासाठी मागची भिंत मंद करीत.

या साधनेला लवकरच यश आले. १८७३ मध्ये केशभूषा करणाऱ्या नायर स्त्रीच्या त्यांच्या चित्राला मद्रास येथील प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि व्हिएन्ना येथील प्रदर्शनातही त्याचा गौरव झाला. संस्थानिकांची बोलावणी येऊ लागली. १८८१ मध्ये धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांच्यासह ते बडोद्यास आले. हे बंधूही निपुण चित्रकार होते. व्यवहार पाहणे, प्रवासाची व्यवस्था करणे, प्रसंगी चित्रातील पार्श्वभूमी रंगविणे, हे सर्व ते थोरल्या भावासाठी आनंदाने करीत. पुढे सयाजीराव गायकवाडांनी रामायण, महाभारत व पुराणांतील प्रसंगांवर चौदा चित्रे काढण्यास सांगितले. तेव्हा प्रश्न पडला की, सीता, दमयंती, शकुंतला यांना कोणता पेहराव द्यावा? देशात प्रांतोप्रांतीचा वेष निराळा. दोघा भावांनी देशभर प्रवास करून वेष पाहिले आणि अखेर साडीची निवड केली. आपल्याकडील नऊवारी लुगड्याचे सौंदर्यही त्यांच्या डोळ्यांत भरले होते. साडी निवडण्यात चित्रकाराचा एक लाभ होता. तिच्या चुण्यांत एकाच रंगाच्या दहा छटा दाखविता येतात.

ती चौदा चित्रे लोकांना पाहावयास ठेवली, तेव्हा दर्शनास यावे तशी गर्दी लोटली. राजवाड्याच्या भिंतीवर गेल्यावर ती या माणसांना पुन्हा दिसणार नव्हती. एका चित्राची एकच प्रत, आणि ती श्रीमंताच्या घरी. त्रावणकोर व बडोदे या दोन्ही संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना पूर्वीच सुचविले होते की, चित्रांच्या रंगीत प्रती युरोपात छापून घ्याव्यात. रविवर्म्यांनी त्याही पुढचे पाऊल टाकले. छपाई आपल्याच देशात करण्याचे ठरवून त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगाव येथे छापखाना काढला. यंत्रे जर्मनीहून आली आणि जर्मन तंत्रज्ञही आले. शकुंतलेच्या जन्माचे चित्र तेथे प्रथम छापले गेले.

ही छपाई दगडावरून होत असे. एक विशिष्ट जातीचा गुळगुळीत चुनखडीचा दगड घेऊन त्यावर तेलकट खडूने चित्र काढीत. मग दगड ओला करीत. जेथे तेलकट रेघ असेल तेथे पाणी ठरत नाही. त्यावरून शाईचा रूळ फिरविला की शाई फक्त रेघांना चिकटते आणि ओल्या भागावर चिकटत नाही. वर कागद दाबला म्हणजे चित्र उमटते. परंतु एका दगडावर एका वेळी एकच शाई लावता येते. रंगीत चित्र छापावयाचे तर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड हवा. एका चित्राला दहाबारा, कधी त्याहूनही अधिक दगड लागत, आणि तोच कागद तितक्याच वेळा यंत्राखालून जाई.

येथे खरी कसोटी होती. कारागिराने मूळ चित्र समोर ठेवून मनातल्या मनात त्याचे रंग सुटे करावयाचे. कमळाचे पान हिरवे आहे. मग त्याचा भाग पिवळ्याच्या दगडावर काढावयाचा आणि निळ्याच्याही. गालावर पिवळा किती, गुलाबी किती, हनुवटीखालच्या सावलीत निळसर किती, हे बारीक ठिपक्यांनी दाखवावयाचे. ठिपके दाट तर छटा गडद, विरळ तर फिकी. शिवाय चित्र उलटे काढावयाचे, कारण छापताना डावे ते उजवे होते. आणि गंमत अशी की, खडू काळाच असे. पिवळ्याचा दगड असो वा तांबड्याचा, कारागिरापुढे काळेच ठिपके. लक्ष्मीचे तांबडे वस्त्र त्याला केवळ कल्पनेनेच दिसे. कागद केसभर सरकला, तरी ओठांचा रंग हनुवटीवर जाई आणि तो कागद फुकट गेलाच.

आजची छपाई यंत्राने व छायाचित्राच्या साहाय्याने होत असली, तरी तिचे मूळ सूत्र हेच आहे. एखाद्या पुस्तकातील रंगीत चित्र भिंगाखाली धरून पाहा. पिवळे, किरमिजी, आकाशी निळे व काळे असे चारच प्रकारचे ठिपके तेथे दिसतील. बाकीचे रंग आपला डोळा तयार करतो.

रविवर्म्यांची लक्ष्मी आणि सरस्वती ही दोन चित्रे आता रंगांच्या दृष्टीने न्याहाळावी. लक्ष्मीभोवती तळे आहे, कमळाची पाने आहेत, हत्ती आहे. म्हणजे हिरवा व करडा यांचे राज्य आहे. त्यामध्ये तांबड्या रंगाची एकच मोठी जागा आहे, देवीचे वस्त्र. साहजिकच पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तेथेच जाते. मग ती सोनेरी काठावरून वर चेहऱ्याकडे वळते. सरस्वतीच्या चित्रात तांबड्याचा हा थाट नाही. शुभ्र वस्त्र, आणि मागे मंद निसर्ग. पांढऱ्या वस्त्राच्या चुण्यांत करड्या छटा आहेत, म्हणूनच ते पांढरे वाटते. नुसता कोरा पांढरा रंग लावला असता तर तेथे कागदच दिसला असता. जवळच्या मोराचा निळा-हिरवा पिसारा त्या शांततेत थोडी शोभा आणतो, पण देवीवर मात करीत नाही. एकीकडे वैभव आणि दुसरीकडे विद्या, हा भेद रंगांनीच सांगितला आहे.

मात्र छापील प्रती मूळ चित्रांची बरोबरी करू शकत नसत, हे मान्य केले पाहिजे. मूळ चित्रातील कोवळ्या छटा दगडावर हरवत आणि रंग काहीसे भडक होत. तरीही लोकांनी त्या आनंदाने घेतल्या. कोणी त्यांवर जर व टिकल्या चिकटवून देवीला खरोखरीची साडी नेसविली. १९०० च्या सुमारास मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादेकडे जाणारी आगगाडी सुरू झाली आणि तेव्हा निजामाच्या राज्यात असलेला आपला हा भाग मुंबईच्या बाजारपेठेला जोडला गेला. आगगाडीने उतरलेला माल पुढे बैलगाडीने बालाघाटाच्या डोंगरांतील गावांपर्यंत जाऊ शकत होता. यात आणखी एक मोठी गोष्ट घडली. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना देवळाच्या पायरीपलीकडे जाण्याची बंदी होती. ज्या देवाचे दर्शन पुजाऱ्याने अडविले होते, तो देव आता त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर येऊ शकत होता, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती.

परंतु छापखाना चालविणे रविवर्म्यांना जड जाऊ लागले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून पळू लागली, कामगार मिळेनात. छापखाना प्रथम घाटकोपरला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. अजस्र यंत्रे आणि ते जड दगड घेऊन दोनदा बिऱ्हाड हलवावयाचे, म्हणजे खर्च किती झाला असेल! भागीदारही बाजूला झाला आणि सारा भार दोघा भावांवर पडला. रविवर्मा चित्रे रंगवून पैसा मिळवीत आणि तो पैसा छापखान्यात जिरे. अखेर १९०१ मध्ये त्यांनी छापखाना आपलेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. आपल्या अनेक चित्रांच्या छपाईचे हक्कही त्याबरोबर दिले. ज्या लक्ष्मीच्या चित्रांनी घरोघर शोभा आणली, तिच्या चित्रकाराला त्या धंद्यात लक्ष्मी लाभली नाही.

१९०५ मध्ये बंधू राजराज वर्मा वारले. आयुष्यभर सावलीसारखा वावरलेला भाऊ गेला, आणि रविवर्म्यांची प्रकृतीही मधुमेहाने ढासळत चालली होती. तशाही स्थितीत त्यांनी म्हैसूरच्या महाराजांसाठी हाती घेतलेल्या चित्रांचे काम सोडले नाही. २ ऑक्टोबर १९०६ रोजी जन्मगावी, किळिमानूर येथे, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्यानंतर काही कलासमीक्षकांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. ही चित्रे परदेशी पद्धतीची नक्कल आहेत, यांतील देवता नाटकातील पात्रांसारख्या दिसतात, असे आक्षेप आले. त्यांत काही अंशी तथ्य आहे. देवदेवतांची कांती त्यांनी जरा जास्तच गोरी रंगविली, असे आज आपल्यालाही वाटते. पण ज्या घरात पूर्वी एकही चित्र नव्हते, त्या घरात त्यांच्यामुळे चित्र आले, हे टीकाकारांना नाकारता आले नाही.

मळवलीचा छापखाना श्लायशर यांच्या हाती पुष्कळ वर्षे चालला. देवांच्या चित्रांबरोबरच तेथे मालावर लावण्याच्या चिठ्ठ्या आणि जाहिरातीही रंगीत छापल्या जात. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत तो छापखाना आणि त्यातील बरीच चित्रे जळून गेली. बडोद्यासाठी काढलेल्या मूळ चित्रांपैकी अनेक चित्रे मात्र तेथील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात.